इंजिनगुरुजी

आमचे गुरुजी दिसण्याआधी ऐकू यायचे. भक्, भक्, भक्! चालताना ते तोंडाने तेलाचं इंजिन चालवत आणि वर्गाच्या दारात येताच एक लांब फुस्कारा सोडून ‘बंद’ होत. सगळं कोल्हार त्यांना इंजिनगुरुजीच म्हणे.

तेव्हा लढाई चालू होती. गुरुजी विचारायचे, “इंग्रज लढाई कशावर लढतोय? इंजिनावर! उद्या देश आपल्या हाती आला, तर तुमी काय पाट्या पुसत बसनार?” मग आम्हाला घेऊन थेट प्रवरेचा काठ. भूमिती रहाटावर, गणित मोटेच्या पाण्यावर.

गुरुजी पोरांना वर्गात बसवतच नाहीत, अशी गावातून तक्रार गेली. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येणार, सातवीचा वर्ग ठेवायचा की मोडायचा ते ठरवणार. वडील म्हणाले, “सातवी मोडली, तर तू नांगरामागं.” घरात चौथीपुढे कुणी गेलं नव्हतं.

नेमकं त्याच दिवशी पाटलांचं नवं इंजिन विहिरीवर सुरू व्हायचं होतं. गुरुजींनी साहेबांनाही तिकडेच नेलं! इंजिनाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, मोठ्या चाकाला झेंडूचा हार बांधला.

“वैनी, हार काढा,” गुरुजी म्हणाले.

“पूजेचा हार काडत्यात व्हय?” पाटलीणबाई कडाडल्या.

हँडल मारलं. चाक फिरलं, हार तुटला आणि झेंडू सुसाट सुटले. पाटलांच्या मिशीत, म्हशीच्या पाठीवर, साहेबांच्या पगडीत!

“गुरुजी, हे काय शिक्षण?” साहेब गरजले.

“पोरांनो, सांगा सायबांना, फुलं का उडाली?”

“फिरतं ते बाहेर फेकलं जातं!” आम्ही सगळे एकदमच ओरडू लागलो. आमच्या वर्गातल्या सलीमने भरला तांब्या दोरीला बांधून गरगरा फिरवला. थेंब सांडला नाही. साहेबांना राहवेना. त्यांनी दोरी मागितली, तांब्या फिरवला आणि डोक्यावर असतानाच हात थांबवला.

पगडीतून पाणी निथळू लागलं. मला नांगर दिसू लागला.

आणि साहेब खो खो हसत सुटले. “पुन्हा भरा रे!” म्हणाले.

सातवी राहिली. पण गुरुजींची बदली झाली. साहेबांनी त्यांना साखर कारखान्याजवळच्या शाळेवर मागून घेतलं. आम्ही रडवेले, गुरुजी मात्र नाचायचेच बाकी होते. “अरे, तिथं बॉयलर हाय, बॉयलर!”

आज मी कॉलेजात आहे. देशही आपल्या हाती आला आहे. गुरुजी गाव सोडून निघाले त्या दिवशीची बैलगाडी मला नीट आठवते. गुरुजी गाडीवानाला वाफेचा जोर समजावत होते. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आम्हाला वाईट वाटायला हवं होतं. पण आम्ही गाडीमागे पळत होतो, बॉयलरचं पुढचं ऐकायला.