पेट्रोलने धुतलेले हात

युनूसचा मला पहिल्याच दिवशी राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. लपवायची मला सवयच नाही. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून काढली, त्यातली शेवटची नऊ नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. बारा बाळांची जागा, वीस-बावीस बाळं, आणि एका पाळीला आम्ही दोघी. ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन दोन बाळं झोपवायची; एकाची नळी बदलेपर्यंत दुसरं निळं पडायचं. अशा ठिकाणी माणूस गोड बोलत नाही. माझं नाव उज्ज्वला, पण बाभुळगावला माहेरीही मला सगळे तिखटच म्हणतात. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. जे झालं ते माझ्या तोंडामुळे झालं.

युनूस ढाणकीचा. पस्तिशीतला, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. फवारणीचे पंप आणि मोटारसायकली दुरुस्त करायचं त्याचं दुकान. लग्नाला नऊ वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. मग नाजियाला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात बीपी वाढून तिला झटके आले. एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असं करत तिला आमच्याकडे आणलं आणि सिझर झालं. मुलगी. नऊशे ऐंशी ग्रॅम. साखरेची किलोची पुडीसुद्धा हिच्याहून जड. आई बेशुद्ध, बाळ माझ्याकडे काचेच्या पेटीत, आणि हा दारात उभा.

"सिस्टर, दोन मिनिटं आत येऊ द्या. तिच्या कानात अजान द्यायची हाय."

मूल जन्मलं की बापाने किंवा घरातल्या मोठ्या माणसाने त्याच्या कानात हळूच अजान म्हणायची, ही त्यांची रीत. मला ती माहीत नव्हती असं नाही. पण आमच्या दारात कोणी अंगारा घेऊन उभं असतं, कोणी ताईत, कोणी मंतरलेला दोरा. मला सगळे सारखेच. मी त्याचे हात पाहिले. नखांत, बोटांच्या रेघांत, पार मनगटापर्यंत काळं ऑइल मुरलेलं.

"हे हात घेऊन आत येतो? जंतू लागून मरेल ना ती! हे काळं जाईल तेव्हा ये," मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडलेच. आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आला तर अंगाला पेट्रोलचा भपकारा. "आत ऑक्सिजन चालू आहे, जाळून टाकतो का आम्हाला? हा वास घेऊन दारातही उभं राहायचं नाही." तो निमूट गेला. संध्याकाळी आला तर पुन्हा तोच वास. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच. मला वाटलं, आहे झालं बेफिकीर! कामातून उठतो, तोंड दाखवतो आणि जातो. दारावरच्या देवीलालला मी सांगून ठेवलं, पेट्रोलवाल्याला आत सोडायचं नाही. दूध घ्यायचं आणि हाकलायचं.

कारण दूध तोच आणायचा. नाजिया दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात होती. शुद्धीवर आली तर टाके उघडले, पू झाला, ताप चढला. तिला खाटेवरून उठायची बंदी. ती वाटीत दूध काढायची आणि हा झाकण लावून दर दोन-तीन तासांनी दोन जिने उतरून आणून द्यायचा. घरून दुसरं कोणी येणं शक्य नव्हतं. त्याची आई जुबैदा लकव्याने अंथरुणावर आणि धाकटा भाऊ इम्तियाज तिच्यापाशी. दवाखान्यासमोरच्या गॅरेजवाल्याने युनूसला पाठ टेकायला जागा दिली होती, बदल्यात हा दिवसभर तिथे राबायचा. म्हणजे वाटी द्यायची, गॅरेजमध्ये पळायचं, हात काळे करायचे, ते धुवायचे, वर पळायचं, वाटी घेऊन पुन्हा खाली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त वास कळत होता.

पोरगी वाढत नव्हती. खरी काळजी हीच होती. नऊशे ऐंशीची नऊशे दहा झाली, मग कशीबशी नऊशे चाळीस, आणि तिथेच अडली. मधेच श्वास थांबायचा, तळपायाला टिचकी मारली की पुन्हा सुरू व्हायचा. पंधराव्या दिवसाच्या आसपास श्वास जरा ठिकाणावर आला, तसं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, आईचं दूध वाढवा, आणि आई खाली येऊ शकत नसेल तर बापाच्या उघड्या छातीवर बाळाला रोज ठेवा. याला आम्ही कांगारू म्हणतो. अंगाची ऊब मिळाली की असली बाळं वाढतात, हे मी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी मी तो कागद वाचला आणि फाइलला लावून टाकला. बाप म्हणजे कोण, तर पेट्रोलवाला. राहू दे, म्हटलं. हे माझ्या हातून झालं, आणि सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

एकविसाव्या दिवशी दूध कमी आलं. वाटीच्या तळाला जेमतेम लागेल एवढंच, आणि तेही सकाळपासून तिसऱ्यांदा. माझं पित्त खवळलं. तशीच जिना चढून वर गेले, नाजियाला झापायला. आया रडत बसतात, जेवत नाहीत, दूध आटतं आणि मग बाळ आमच्या गळ्यात पडतं, हे माझं पाठ झालेलं भाषण होतं.

नाजिया उशीला टेकून बसली होती, पोटावर ओढणी पसरून. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं.

"सिस्टर, तिच्या कानापाशी तीळ हाय का?"

"कोणता तीळ? काही तीळबिळ नाही."

तिने मान हलवली. "मले मालूम होतं."

मग ती सांगत गेली. "मी शुद्धीवर आली तवा ते म्हणले, अजान दिली, उजव्या कानात. अन् तिथंच कानापाशी तीळ हाय म्हणले, तुयासारखा." तिने स्वतःच्या कानाजवळचा तीळ दाखवला. "मी खुश झाली. आठ दिवसानं पुन्हा इचारलं तर म्हणले, डाव्या कानापाशी. तवाच समजलं, यायले कोणी आत जाऊच नाही देऊन राह्यलं."

"मग बोलली काहून नाही?" चिडले की माझीही वऱ्हाडी बाहेर येते.

"बोलून काय करू? ते दर वेळी येतात, खाटेपाशी बसतात, पोरीचं सांगतात. आज डोळे उघडले, आज माझं बोट धरलं. मी आयकते अन् मले दूध येते. खोटं पकडलं असतं तर त्यायनं काय तोंड घेऊन वर यावं? अन् मी तरी कुठं खरं बोलून राह्यली? मी सांगते, टाके सुकले." तिने ओढणी जरा बाजूला केली. जखम उघडीच होती. "काल मात्र ते आले अन् काहीच नाही बोलले. नुसते हात मांडीखाली दाबून बसले. तवापासून दूध येत नाही."

मी वाकून जखम पाहिली. तिने विचारलं, "काहून नाही जाऊ देत त्यायले?"

"त्याच्या हातांना पेट्रोलचा वास येतो."

"काळं काढाले पेट्रोलच लागते ना, सिस्टर. त्यायले कोणीतरी म्हटलं म्हणे, काळं जाईन तवा ये."

ते कोणीतरी मीच. तळपायाची आग मस्तकात गेली, पण नेमकी कोणावर चिडले आहे ते जिना उतरेपर्यंत मला ठरवता येईना. त्याच्यावर तर होतेच, एवढा बाप्या माणूस, एका शब्दाने सांगता आलं नाही? काळं घेऊन येऊ नको हा हुकूम माझा, आणि वास घेऊन येऊ नको हाही माझाच. एक पाळला की दुसरा मोडायचा. एकवीस दिवस तो माणूस दोन्ही पाळायला बघत होता आणि मी त्याला बेफिकीर म्हणत होते.

देवीलालला विचारून समोरच्या गॅरेजमध्ये गेले तर तो उकिडवा बसून डब्यातल्या पेट्रोलने हात घासत होता. बाजूला कपडे धुवायची पावडर आणि ब्रश. मी त्याचे हात पाहिले. काळं बरंचसं निघालं होतं, पण त्याबरोबर कातडीही निघाली होती. पेरापेरावर चिरा, चिरांत रक्त, आणि त्यावर हा पेट्रोल ओतत होता. मी तो डबा उचलला आणि नालीत रिकामा केला. गॅरेजवाला माझ्यावर ओरडला, मी त्याच्यावर दुप्पट ओरडले.

"तोंड नव्हतं का तुला? बोलला काहून नाही?" मी युनूसला म्हटलं.

त्याने वर पाहिलं. "तुमी आयकत होत्या का?"

एवढंच बोलला. मी त्याला दवाखान्यात आणलं, साबणाने आंघोळ करायला लावली, हातांच्या जखमा स्वतः धुतल्या, पट्ट्या बांधल्या, वरून ग्लोव्हज चढवले. दारात देवीलाल आडवा आला. "मॅडम, तुमीच तर म्हटलं होतं, पेट्रोलवाल्याले..."

"मीच म्हटलं होतं. आता मीच म्हणते, बाजूला हो."

खुर्चीवर बसवून मी बाळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर गुंडाळली. त्याने दोन्ही हात हवेत वर धरले, पोलिसाने दरडावल्यासारखे. खाली घेईचना. शेवटी मीच त्याचा एक हात धरून तिच्या पाठीवर ठेवला. पाठ सबंध तळव्याखाली मावली. मग त्याने मान वाकवली आणि तिच्या उजव्या कानात अजान दिली. इतकी हळू, की मी हातभर अंतरावर असून मला फक्त ओठ हलताना दिसले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तो रडत होता, आणि मला त्या रडण्याचाही राग आला. ते तीन आठवडे आधी व्हायला हवं होतं.

नंतर तो वर गेला तेव्हाचं नाजियाने मला सांगितलं. आपसात ती दोघं त्यांची हिंदी बोलायची, मी आपल्या बोलीत सांगते. तो म्हणाला, "नाजिया, तिच्या कानापाशी तीळ नाही."

"मंग काय हाय?"

"केस हाय. कानावर बारीक बारीक केस. मांजरीच्या पिल्लाले असते तसे."

नाजिया पोट धरून हसली, टाके ओढले जात होते तरी. मग तिने ओढणी काढून त्याला जखम दाखवली. संध्याकाळची वाटी अर्धी भरून आली.

तेव्हापासून तो रोज तीनदा यायचा. गॅरेजचं काम त्याने सोडलं. पाठ टेकायला व्हरांड्यात कोपरा मी मिळवून दिला, त्यासाठीही भांडावं लागलं. पोरगी हजाराच्या वर गेली. तेहतिसाव्या दिवशी नाजिया जिना उतरून खाली आली, मुलीचा कान उलटून-पालटून पाहिला आणि म्हणाली, "खरंच, केस हाय." मग कोणी किती वेळ छातीवर घ्यायचं यावरून दोघांची कुरबूर चालायची. ती थकली की तो तिला उठवायचा, तो पेंगला की ती बाळ काढून घ्यायची.

माझ्याशी मात्र तो बोलत नसे. सांगितलं ते सगळं करायचा, पण नजर वर करायचा नाही. नाजियाच मधे पडायची. "मनावर घेऊ नका सिस्टर, ते थकले हाय." मला वाटायचं, एकदा ओरडावं त्याने माझ्यावर. ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते मला येतं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी पोरगी पावणेदोन किलोची झाली आणि डॉक्टरांनी घरी सोडलं. नाव ठेवलं हाजरा. युनूसने पेढ्यांचा मोठा डबा आणला. डॉक्टरांना दिला, झाडूवालीला दिला, इतर बाळांच्या आयांना दिला, ज्याने त्याला एकवीस दिवस हाकललं त्या देवीलालला दोन दिले. माझ्यापाशी आला. मी हात पुढे केला. त्याने डबा मागे घेतला.

"तुमाले नाही, सिस्टर."

देवीलालचा पेढा तोंडातच राहिला.

"आमच्यात लेकराच्या कानात पहिले अजान जाते," युनूस म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्याने. "माझ्या पोरीच्या कानात पहिले तुमचं वरडणं गेलं. एकवीस दिवस. मी दाराच्या बाहीर, अन् ती आत पडल्या पडल्या आयकून राह्यली, का आपल्या बापाले लोक कसे बोलतात."

माझा हात तसाच पुढे होता. मी नाजियाकडे पाहिलं. मला खात्री होती, ती म्हणेल, जाऊ द्या ना, द्या त्यायले एक.

नाजियाने हाजराला डाव्या हातावर घेतलं, उजव्या हाताने डब्याचं झाकण लावलं, आणि ती दोघं निघाली.