मागास ठरण्यासाठी सजलेलं गाव

"काय हो, गाडी नुसती पुसायला घेतलीत का?"

शनिवारी सकाळी सातला शेजारचे मेश्रामकाका दारात उभे. ते नियोजन खात्यात आहेत. ऑफिसची जीप गॅरेजमध्ये होती आणि त्यांना नगर रस्त्यानं पुढे एका गावाला जायचं होतं. आम्हा आयटीवाल्यांना शनिवारी सुट्टी, त्यांना काम. गाडी नवी कोरी, बायको माहेरी. मी चहा अर्धा टाकून निघालो.

तुम्ही जाणार असाल तर सहाला निघा. सातनंतर वाघोली ओलांडणं म्हणजे संयमाची परीक्षा. दोन्हीकडे कॉलेजं, अर्धवट इमारती आणि मध्येच थांबलेले डंपर. शिक्रापूरला मिसळ खाल्ली. तर्री झकास, पाव कालचे. काका मूळचे भंडाऱ्याचे, त्यामुळे "याला तुम्ही तिखट म्हणता?" हे ऐकून घ्यावं लागलं. पुढे रस्त्याकडेला हुरडा मिळतो, तो मात्र चुकवू नका.

खाता खाता काकांनी काम सांगितलं. त्या गावानं सरकारच्या मागास गावांच्या यादीत येण्यासाठी अर्ज केला होता. यादीत आलं तर तिथल्या बायकांच्या बचत गटाला मिरची कांडपाची गिरणी आणि शेड मिळणार. नाहीतर बायकांनी आहे तसंच वाघोलीच्या बांधकामांवर घमेली उचलायची. ठरवणार एक छापील तक्ता: पक्का रस्ता, नळ, पंखे, खुर्च्या, दुचाक्या, प्रत्येकाला गुण. कमी गुणवाल्यांना पास करणारी मला माहीत असलेली ही एकच परीक्षा.

शेवटचे सहा किलोमीटर नुसते खड्डे. मी मनात म्हटलं, रस्त्याचे गुण शून्य, गाव पास!

पण वेशीत रांगोळी होती. देवळापुढे मांडव, त्यात चाळीसेक लाल खुर्च्या, घरघरणारा टेबल फॅन आणि धुऊनपुसून ओळीत लावलेल्या आठ मोटारसायकली. बचत गटाच्या अध्यक्षा हिराबाई नारळ घेऊन पुढे आल्या.

"हे सगळं गावातलंच?" काकांनी विचारलं.

"मग! आमच्या गावाला काय कमी हाय?"

सगळ्या माना अभिमानानं हलल्या. काका खुर्च्या मोजून लिहू लागले. मी शेजारी बसून बेरीज बघत होतो. आणखी दोन गुण चढले असते तर गाव बाद. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, गप्प बसा!

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"मी पोरगा असताना गरीब मुलांच्या वसतिगृहाचे साहेब आमचं घर बघायला आले होते," ते म्हणाले. "माझ्या मायनं शेजारून खाट आणली, पितळेची भांडी आणली. साहेबांनी लिहिलं, परिस्थिती बरी आहे. माझं वर्ष गेलं. माय मात्र म्हणायची, पाहुण्याला जमिनीवर कसं बसवायचं?"

मग हिराबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "खुर्च्या मांडववाल्याच्या हायत, साहेब."

"फॅन माझ्या जावयाचा," एक आजोबा म्हणाले. "कालच आणलाय."

"अन् गाड्या शेजारच्या गावच्या. सांजच्याला न्यायला येत्याल."

काका खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसले आणि त्यांनी कोरा तक्ता काढला. नळ? न्हाय. घरात पंखा? न्हाय. मघाशी ठणठणीत बोलणाऱ्या हिराबाईंचा आवाज प्रत्येक उत्तराला खाली जात होता. हवं ते मिळावं म्हणूनच त्या खरं सांगत होत्या, तरी मला फार वाईट वाटलं. मी उठून गाडीपाशी गेलो आणि उगाच काच पुसत बसलो.

निघण्याआधी काकांनी आणलेला डबा हिराबाईंच्या ओट्यावर खाल्ला. त्यांनी आग्रहानं वाढलेल्या मिरचीच्या ठेच्यानं काकांच्याही डोळ्यांत पाणी आलं, याची इथे नोंद करतो. अंधार पडायच्या आत घरी पोचलो.

आता ऑफिसात कुणी सहज 'मागास भाग' म्हणालं की मला त्या ओळीत लावलेल्या मोटारसायकली दिसतात. अनुदान हवं असतं, पण त्यासाठी चारचौघांत काय काय 'न्हाय' म्हणावं लागतं, हे मी कधी विचारातच घेतलं नव्हतं.

दीड महिन्यानं गाव यादीत आलं. काकांनी ते सांगायला मला घरी बोलावलं, तेवढ्यात हिराबाईंचाच फोन आला; काकांनी तो स्पीकरवर ठेवला. गिरणी मिळणार म्हणून त्या खुशीत होत्या. मग म्हणाल्या, "साहेब, यादी पंचायतीच्या फळ्यावर लागती म्हणं. बेस्तरवारी पोरीला बघाया पाव्हणे येणार हायत. त्यांनी वाचलं तर..."

काकांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि बोटानं ओळ शोधली. यादी लावायला सात दिवसांची मुदत होती.

"सातव्या दिवशी लावू," ते फोनमध्ये म्हणाले. "शुक्रवार येतो. चालेल?"