‘ज’ची पानं

आमच्या बाबांना छापखान्यात सगळे ‘काना-मात्रा’ म्हणत. शब्दकोशाची प्रुफं तपासणं हे त्यांचं काम. घरीही सुटका नव्हती. सामानाच्या यादीतल्या वेलांट्या ते लाल शाईने सुधारत, मग आई यादीसकट त्यांनाच दुकानात पिटाळायची.

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि जिमनॅस्टिक्स शिकत होते. स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा बाईंनी पोशाख दिला. अंगाला घट्ट, पाय उघडे. बाबांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि असल्या अर्ध्या कपड्यांत चारचौघांत जायचं नाही, स्पर्धा रद्द, असं सांगून ते मोकळे झाले. मी जेवणावर राग काढला. आई आमच्या दोघांत तारेवरची कसरत करत राहिली. बाबा ढिम्म. मला त्यांचा मनापासून संताप आला होता.

तिसऱ्या दिवशी ते ओशाळं तोंड करून घरी आले. कामावर ‘ज’ची पानं आली होती. त्यातलं एक त्यांनी पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवलं. जिमनॅस्टिक्स : मूळ ग्रीक ‘गुम्नोस’, म्हणजे उघडा, नग्न. तिकडचे जुने खेळाडू अंगावर सूतही न ठेवता व्यायाम करत, त्यावरून.

आई तोंड फिरवून हसली. ते पान त्यांनी दाखवलंच नसतं तर आम्हाला काय कळणार होतं? पण छापलेलं खरं लपवणं बाबांच्या रक्तातच नव्हतं.

“त्या मानाने तुझा पोशाख भरपूर आहे,” ते म्हणाले. “जा स्पर्धेला.”

मग स्वतःची बाजू सावरायला त्यांनी जिमनॅस्टिक्ससाठीचा आपल्याकडचा शब्द पुढे केला. कसरत. तो अरबीतून आला, मूळ अर्थ पुष्कळ. म्हणजे पुष्कळदा करायचं, पुन्हा पुन्हा. निदान या शब्दाचा कपड्यांशी काही संबंध नाही, याचं त्यांना फार समाधान वाटलं.

स्पर्धेत तिसऱ्याच उडीला मी बीमच्या अरुंद पट्टीवरून खाली पडले. पुन्हा चढायला नियमाची आडकाठी नव्हती, पण त्या पोशाखात मला एकदम फार उघडं वाटलं. मी दाराकडे वळले. तेवढ्यात मागच्या रांगेत बाबा उभे राहिले. चारचौघांत आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“कसरत!” ते ओरडले.

मी पुन्हा चढले.