वाचकांची मोजणी

प्रेमलता गजघाटे सत्तावीस वर्षं ‘राष्ट्ररवी’च्या नागपूर कचेरीत वाचकांची पत्रं पाहत होती. दिल्लीहून निघणारं, फक्त रविवारी येणारं हे हिंदी वर्तमानपत्र. एके काळी काटोलच्या पहिल्या एसटीत त्याचे गठ्ठे चढायचे, आणि अंक मिळाला नाही म्हणून लोक कचेरीत येऊन भांडायचे. पत्रांची थैली तिला एकटीला उचलवत नसे.

आता आठवड्याला दोन पत्रं आली तरी पुष्कळ. फेब्रुवारीत दिल्लीहून हुकूम आला: यादीतल्या घरोघरी जा, कोण काय वाचतं ते विचारा, फॉर्म भरा. कचेरीत माणसं तीनच उरलेली. प्रेमलता निघाली.

जरीपटका वस्तीत पहिल्याच दिवशी तिचा धीर सुटला. अंक येत होते, पण त्यांची घडीही मोडलेली नव्हती.

“बंद करायचं राहून गेलं,” एक बाई म्हणाली. “काचा पुसायले कामी पडते म्हणा.”

प्रेमलताला खोटं लिहिता आलं असतं. कोण तपासणार होतं? पण इतकी वर्षं लोकांचं म्हणणं जसंच्या तसं पुढे पाठवलेल्या हाताला ते जमेना. तिने वाचकांच्या रकान्यात शून्य लिहिलं. पुढच्या घरी पुन्हा शून्य.

इतवारीत भांड्यांच्या दुकानावर राहणारे चंपतराव मास्तर मात्र अंक उघडून बसले होते. एकेक ओळ बोट फिरवत वाचत होते. प्रेमलताला भरून आलं.

“माझं पत्र छापून राहिले का तुमचे लोक?” त्यांनी विचारलं. “पुलाबद्दल लिहिलं होतं.”

तो पूल होऊन सहा वर्षं झाली होती. सून दीपाली तिला जिन्यापाशी घेऊन गेली.

“ताई, पेपर आम्ही कवाच बंद केला. बाबांच्या ध्यानात राहत नाही. जुने पाच अंक आहेत, तेच फिरवून देतो. त्यायले दर वेळी नवाच वाटते. सांगू नका त्यायले.”

फॉर्मवर सूचना स्पष्ट होती: वर्गणी चालू नसल्यास घर वगळावे. सगळ्या यादीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हा एकच माणूस. प्रेमलताने त्याचं नाव खोडलं.

एप्रिलमध्ये नागपूर आवृत्ती बंद झाली. कारणादाखल तिच्याच फॉर्मांचे आकडे दिले होते, आणि त्याच पाकिटात तिला कामावरून कमी केल्याची चिठ्ठी होती. शेवटच्या अंकात वाचकांसाठी निरोपाची एक ओळसुद्धा नव्हती. त्याबद्दल विचारणारं एकही पत्र आलं नाही.

जूनमध्ये दीपालीचा फोन आला. अंक घड्यांवर फाटले होते, मास्तर सकाळपासून चिडून बसले होते. “ताई, कचेरीत जुने पडले असतील ना? कोणतेही चालतील.”

कचेरी रिकामी करताना सगळे गठ्ठे रद्दीच्या टेम्पोत गेले होते. प्रेमलताने स्वतः सही करून दिले होते. आपल्यासाठी एकही ठेवावासा वाटला नव्हता.

“नाहीत वं,” ती म्हणाली.

 फोनवर दीपालीच्या मागून मास्तरांचा आवाज येत होता, आज रविवार असून पेपर काहून नाही आला.