दोन हजेऱ्या

नोकरी करून शिकलेली माणसं एकत्र बसली की पुस्तकातलं एक अक्षर कुणाला आठवत नाही, फजित्या मात्र तोंडपाठ! आम्ही नगरला बी.ए.ला होतो. बाहत्तरचा दुष्काळ, घरून दाणा येईना. मग जो तो कुठं ना कुठं चिकटला.

मी केडगावजवळ एका हॉटेलात कपबशा उचलायचो. एकदा सकाळी आमचे इतिहासाचे सर चहाला आले. मला बघून खवळलेच, "पिरियड चालू असताना इथं काय करतोस रे?"

"सर, पिरियड तुमचाच आहे!"

सरांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, "साखर जरा कमी पडलीय."

*

आमचा शिवा टॉकीजवर डोअरकीपर होता. मॅटिनीला बसलेली पोरं पकडायला एकदा खुद्द प्रिन्सिपॉल आले. शिवानं अदबीनं दार अडवलं.

"हाउसफुल्ल हाय, सर. अख्खं कॉलेज आत बसलंय. तुमाला जादा खुर्ची टाकू का?"

*

बाजीराव पारनेरकडचा. सुप्याजवळ पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर तो मस्टर कारकून होता. सकाळी मजुरांची हजेरी घ्यायची आणि मिळेल त्या ट्रकनं कॉलेजला पळायचं! मातीच्या ढिगावर बसून तो अर्थशास्त्र मोठ्यानं घोकायचा, "मागणी वाढली की पुरवठा वाढतो..."

पाटी टाकता टाकता सुंदराबाई थांबली. "कारकून, आमी रोज खायला सुकडी मागतो. पुरवठा कुटं वाढतुय?"

बाजीरावानं तो धडा ऑप्शनला टाकला.

*

एक दिवस अर्थशास्त्राच्या सरांनी त्याला बजावलं, "आणखी एक तास बुडाला तर टर्म नाही!" आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी कामावर वरच्या साहेबांची तपासणी. काम सोडलं तर नोकरी जाणार, तास सोडला तर वर्ष. बिचारा रडकुंडीला आला. आम्हालाही फार वाईट वाटलं. शेवटी पोटासाठी तो कामावर गेला.

त्याच दिवशी सरांनी 'दुष्काळाचा प्रत्यक्ष अभ्यास' म्हणून वर्ग त्याच तलावावर आणला! आम्ही दहा पोरं आणि सरांच्या काखेत वर्गाच्या हजेरीचा कॅटलॉग. बाजीरावाला बघून सर म्हणाले, "तुमचा हा तास धरायचा की नाही, ते बघतो."

बाजीरावाचं तिकडं लक्षच नव्हतं. गावात कुणाची तरी माती होती, तिला म्हणून अकरा गडी सकाळीच गेले होते आणि यानं माणुसकीनं सगळ्यांची हजेरी मांडून ठेवली होती. तो हे सांगतोय तोवर साहेबांची जीप आली!

आम्ही मुकाट्यानं पाट्या उचलल्या. वर्गात बाजीरावाच्या नावानं 'येस सर' म्हणायची सवय होतीच. साहेब मस्टर वाचू लागले. मी सोपान झालो, शिवा भागुजी झाला. दहा नावं निभावली.

"काशिनाथ नामदेव!"

आमची दहा पोरं संपली होती. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारकून, हा काशिनाथ कुठाय?"

बाजीराव मातीच्या ढिगाकडं बघू लागला.

माझ्या शेजारी, ढिगाच्या आडोशाला उभ्या असलेल्या सरांनी कोट काढला. कॅटलॉग माझ्या पाटीत ठेवला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि फावडं उचलून ओरडले,

"हितं हाय की, साहेब!"