जाळी पडलेली भिंत

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या एकाच गालाला लाल काय लागलंय?" तेवढ्यात दूध उतू गेलं आणि उत्तर राहिलं. आता क्रमाने सांगते. ती विटेची पूड होती, शेजारच्या भट्टीवाल्या मामांच्या भिंतीची.

हे मामा भाजलेली वीट आपटून फोडायचे, तुकडा डोळ्यांजवळ धरायचे आणि समोर असेल त्याला विचारायचे, "जाळी पडली का?" समोर कधी मी असायची, कधी एसटीचा कंडक्टर, कधी नुसतीच शेळी.

तेलगावच्या रस्त्याला त्यांची वीटभट्टी होती. घरही त्याच विटांचं. पश्चिमेची भिंत दुपारी इतकी तापायची, की मामी दर उन्हाळ्यात नांदूरघाटला भावाकडे निघून जायच्या. जाताना दारातून बजावायच्या, "मी भट्टीवाल्याशी लगीन केलं, भट्टीशी न्हाई. घर गार करा, मग ऱ्हाते."

मग मामा करपलेल्या भाकरी खायचे आणि विरहात मोठमोठ्याने गायचे. गायचे फारच वाईट. त्यामुळे मामींनी राहावं ही सगळ्या गल्लीची गरज होती.

मार्ग दिवाळीत सापडला. मामी अनारसे तळत होत्या. मामांनी एक मोडला, आतली जाळी पाहिली आणि भरल्या तोंडाने ओरडले, "आगं, भोकात हवा ऱ्हाती! विटंत अशी भोकं पाडली तर गरमी आत येईल कशी?"

गाऱ्यात भुसकट मिसळायचं, भाजताना ते जळून जाईल आणि विटेत जाळी राहील, असा बेत ठरला. मी म्हटलं, "मामा, याला इन्सुलेशन म्हणतात." दुसऱ्या दिवसापासून ते गावभर सांगू लागले, "भितीला विंजेक्शन देतोय."

पहिल्यांदा त्यांनी ज्वारीचं भुसकट घातलं, तेही दाणे न काढता. नेमकं आभाळ आलं. कच्च्या विटा वाळायच्या राहिल्या आणि त्यांना हिरवे कोंब फुटले. मामा धावत माझ्याकडे आले. "बाई, चला लवकर! शेळ्या माझ्या विटा चरायल्यात!"

मग उसाचं ताजं चिपाड आणलं. त्याच्या गोडीने इतके मुंगळे आले, की मजूर विटा थापायच्या सोडून नाचू लागले. त्यानंतर लाकडाचा भुसा, फारच सढळ हाताने. वीट अगदी हलकी झाली. मामा कौतुकाने विटांच्या थप्पीवर बसले आणि सावकाश जमिनीला टेकले.

मामी म्हणाल्या, "विटा हायत का खारी बिस्किटं?"

शेवटी भुईमुगाची टरफलं कुटून, चाळून, बेताने घातली. वीट फोडली तर आत बारीक जाळी. मामांनी पश्चिमेची भिंत पाडून नवी बांधली. गिलावा मात्र करू दिला नाही. जाळी झाकायची नव्हती.

वैशाखात मामींचं बोचकं बांधून तयार. भाऊ जीप घेऊन दारात. भर दुपारी मामा म्हणाले, "आधी भितीला गाल लाव."

"कावून?"

"लाव तर!"

मामींनी गाल लावला. मामी काही गाल काढेनात.

"दाजी, ताई झोपली काय?" भावाने विचारलं.

"गार न्हाई," मामी डोळे न उघडता म्हणाल्या. "पण भाजत बी न्हाई." मामांचा चेहरा उजळतोय तोच त्या वळल्या. एक गाल लालभडक. "माझी पिठाची चाळणी टरफलं चाळायला तुमीच नेली ना? नवी आणा, मग ऱ्हाते."

बोचकं आत गेलं. भाऊ जेवून एकटाच परतला. तेव्हापासून त्या घरी येणारा प्रत्येक जण आधी भिंतीला गाल लावतो, मग पाणी मागतो.

मामा मागच्या थंडीत गेले. भट्टी बंद झाली. या वैशाखात भाऊ पुन्हा जीप घेऊन आला. म्हणाला, "ताई, आता एकटी कशाला ऱ्हातीस? चल."

मामींनी भिंतीकडे बोट केलं. "आधी गाल लाव."

त्याने लावला. जेवून एकटाच परतला.

भिंत अजून उभी आहे. दुपारी आम्ही दोघी तिला टेकून बसतो.