हातावरचं निळं वर्तुळ

आमचा फिरता दवाखाना म्हणजे लकडगंजातून निघणारी एक खिळखिळी गाडी, एक डॉक्टर, एक ड्रायव्हर आणि मी, नर्स. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मौद्यापलीकडच्या खेड्यांत आम्ही जायचो. तिथल्या लोकांचा गोळ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. सुई टोचली तरच औषध झालं म्हणायचे. मी मात्र सुईला भ्यायचे. पेनिसिलिन एखाद्याला सोसत नाही आणि बघता बघता माणूस हातचा जातो, हे शिकताना इतक्यांदा ऐकलं होतं की ती बाटली मी नाइलाजानेच उचलायचे.

म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर औषध टोचायचं, भोवती पेनाने निळं वर्तुळ काढायचं आणि माणसाला निंबाखाली बसवून ठेवायचं. लाल गांध उठली नाही, तरच खरी सुई.

एका दुपारी काटा रुतून पाय चिघळलेली, हिरव्या लुगड्यातली एक बाई आली. तिच्या हातावर वर्तुळ काढलं आणि हलू नकोस म्हणून बजावलं. काही वेळाने तिला हाक मारली. हिरव्या लुगड्यातली बाई समोर येऊन बसली. रांगेत सासरची मोठी माणसं होती, म्हणून पदर पार नाकापर्यंत ओढलेला. सिरिंज भरून तयार होती. मी तिचा हात उलटा करून पाहिला. वर्तुळ नव्हतंच.

तू कोण, असं विचारलं, तर ती अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "मी तिची जाऊ. तिच्या आंगाले खाज सुटली, जीव घाबरून राहिला म्हने, तर ती घरी गेली. सुई वाया जाईन म्हून मी बसली."

एरवी मी तिची चांगली हजेरी घेतली असती. त्या वेळी मी ओरडून डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी उकळून ठेवलेली दुसरी सिरिंज आणि त्यावर उतारा म्हणून द्यायच्या अ‍ॅड्रिनलिनची कुपी माझ्या हातात कोंबली. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. तू हो पुढे, म्हणाले. तिची जाऊ पुढे आणि मी मागे, अशा आम्ही धावत सुटलो. आयुष्यात इतकी मी कधी घाबरले नव्हते. ती मेलेली असणार आणि तिच्या हातावर माझ्या पेनाची खूण असणार, एवढंच मला दिसत होतं.

ती उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुजलेले, श्वासाला शिट्टी लागलेली. मी दंडात औषध टोचलं आणि तिचं मनगट धरून बसले. नाडीच लागेना. तिची बुडाली होती की माझी बोटं बधिर झाली होती, देव जाणे. रडू नकोस, असं मी स्वतःलाच दटावत होते. मग हळूहळू शिट्टी विरली. डॉक्टर लंगडत आले, त्यांनी नाडी पाहिली आणि खाटेवर बसून घाम पुसला.

तिने डोळे नीट उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि जावेला म्हणाली, "गूळपानी आन वं. नर्सबाईचा हात पाह्य कसा कापून राहिला."

पाणी आलं. तांब्या माझ्याच्याने धरवेना, तेव्हा तिनेच तो माझ्या तोंडाशी धरला. त्या हातावर निळं वर्तुळ होतं, आणि आत टम्म फुगलेली लाल गांध.